अव्वाच्या फोटोची काच

१

छापील पानाचा फोटो काढणं म्हणजे काय मोठं काम, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा काढून बघावा. सुकन्याचे पहिले चार दिवस त्यातच गेले. फोननं काढायला जावं तर फोनचीच सावली पानावर पडायची, वर कडेच्या ओळी वाकड्या यायच्या. फ्लॅश मारला की मधोमध पांढरा गोळा. कॅमेरा हातात धरला की अक्षरं हललेली. शेवटी तिनं धाकट्या भावाचा, रविकिरणचा, जुना छोटा डिजिटल कॅमेरा कपाटातून काढला, स्टँडला खाली तोंड करून बसवला, आणि मग कुठं तिचं तंत्र जमलं.

दुपारी तीनला उदगीरच्या त्या घराच्या बैठकीत उत्तरेच्या खिडकीतून एकसारखा, शांत उजेड यायचा. टेबल खिडकीला लावायचं. पानाखाली काळा कागद सरकवायचा, म्हणजे मागच्या बाजूची अक्षरं आरपार दिसत नाहीत. फ्लॅश बंद. जवळच्या फोटोसाठी फुलाचं चिन्ह चालू. दोन सेकंदांचा टायमर लावून बटण दाबायचं आणि हात मागं घ्यायचा. सगळं झालं की वायरनं कॅमेरा टीव्हीला जोडायचा. टीव्हीवर एकेक अक्षर तळहाताएवढं व्हायचं, आणि अप्पा ते वाचायचे.

अप्पा म्हणजे तिचे वडील, भीमाशंकर. वय शहात्तर. आयुष्यभर कापडाचं दुकान चालवलेला, शब्दाला पक्का आणि हट्टाला त्याहून पक्का माणूस. डाव्या भुवईवर लहानपणी देवणी बैलाचं शिंग लागल्याचा व्रण, तो अजून ते कौतुकानं दाखवायचे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मध्ये डाग पडला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. कुणाचं तोंड बघायचं तर त्याच्या कानाकडं बघावं लागायचं. लातूरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, आहे तेवढं सांभाळा, गेलेलं परत यायचं नाही.

दर श्रावणात सुकन्याची अव्वा, तिची आई दानम्मा, लिंगायत शरणांच्या चरित्रांची जाड पोथी मोठ्यानं वाचायची आणि अप्पा ऐकायचे. तीनशे बारा पानं. शेवटचं पान वाचून मंगल केलं की त्या दोघांचा श्रावण पुरा व्हायचा. गेल्या श्रावणात दोनशे सत्तराव्या पानात खुणेला बेलाचं पान ठेवून अव्वा उठली, चहाला म्हणून स्वयंपाकघरात गेली, आणि तिथंच गेली.

"मी वाचून दाखवते ना अप्पा," सुकन्या या श्रावणात म्हणाली.

"न्हाई. ते सगळं मी तिच्या आवाजात ऐकलंय. दुसऱ्याचा आवाज कानात शिरला की तिचा निघून जाईल. वाचीन तर मीच वाचीन. माझ्या डोळ्यानं."

वर्षभरात या माणसानं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. बेचाळीस पानं. एवढं केलं की अप्पा पुन्हा माणसांत येतील, चार घास नीट खातील, असं तिच्या मनानं घेतलं.

२

पोथी जुनी, शिवण घट्ट. बांधणीच्या बाजूनं पान फुगायचं आणि तिथल्या ओळी पुसट यायच्या. वर काच ठेवली की पान सपाट होणार होतं. त्या मापाची काच घरात एकच होती. ती भिंतीवर, हाराखाली, अव्वाच्या फोटोवर होती.

सुकन्या जवळच्या देवणी गावी शाळेत विज्ञान शिकवायची. सकाळची शाळा, दुपारच्या एसटीनं घरी. शकुन-अपशकुन बघत बसणाऱ्यातली ती नव्हती. तरीही फ्रेमच्या मागचे खिळे सरळ करताना तिला चोरी केल्यासारखं झालं. काच काढून तिनं बिनकाचेचा फोटो परत जागेवर टांगला, हार नीट केला. अप्पांना दिसायचा प्रश्नच नव्हता. काम झालं की परत बसवू, असं स्वतःला सांगून तिनं काच मऊ फडक्यानं पुसली.

पहिलं पान सुरेख आलं. काना-मात्रा सुद्धा कोरल्यासारखी. दुसऱ्या पानाला तिनं बटण अर्धं दाबलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर, ओळींच्या मधोमध, एक पिवळी चौकट उमटली.

ही चौकट तिच्या ओळखीची होती. रविकिरणच्या लग्नात याच कॅमेऱ्यानं सगळ्या वऱ्हाडाचे फोटो निघाले होते. समोर माणसाचा चेहरा आला की कॅमेरा त्याच्याभोवती अशी चौकट काढतो, डोळे उघडे असतील तर पांढरी, मिटलेले असतील तर पिवळी. इथं समोर काळ्या ओळींशिवाय काही नव्हतं. सुकन्याला हसू आलं. टायमर सरला, फोटो निघाला. अक्षरं सगळी धुरकटलेली, पान दुधात बुडवून काढल्यासारखं. आणि खाली कॅमेऱ्यानं मराठीतून विचारलं होतं: कोणीतरी डोळे मिटले आहेत. पुन्हा फोटो घ्यायचा?

आपलंच तोंड काचेत पडलं असेल, तिनं ठरवलं. पुढच्या पानाला बटण दाबून ती मागं सरकली आणि पाठ भिंतीला लावून उभी राहिली. चौकट आली. त्या दिवशीच्या सहा पानांत चार वेळा आली, आणि चारही वेळा कॅमेऱ्यानं तोच प्रश्न विचारला.

३

पुसट फोटो पुसून टाकायचं तिच्या डोक्यात होतं, पण अप्पांनी हाक मारली.

"झालं का गं? लाव की."

तिनं वायर जोडली. पहिलं स्पष्ट पान टीव्हीवर आलं. अप्पा मान तिरकी करून, डोळ्यांच्या कडेनं, एकेक अक्षर लावू लागले. अर्ध्या पानाला वीस मिनिटं. कपाळावर घाम. सुकन्याला बघवेना, तिनं पुढचं बटण दाबलं आणि चुकून धुरकट पान समोर आलं.

"हां," अप्पा म्हणाले. "हे बरं काढलंस."

आणि ते वाचायला लागले. सरळ, न अडखळता. मान तिरकी नव्हती. ते टीव्हीकडं नीट समोर बघत होते, जिथं त्यांच्या डोळ्यातला डाग होता तिथूनच.

सुकन्यानं पोथी मांडीवर घेतली. बोट ठेवून ती ताडत गेली. एक शब्द इकडचा तिकडं नव्हता.

तीस वर्षं ऐकलंय, पाठ असणारच, असं तिच्या बुद्धीनं लगेच सांगितलं. उत्तर चांगलं होतं. फक्त मग आधीचं स्पष्ट पान पाठ का नव्हतं, एवढंच त्यात बसत नव्हतं. आणि आणखी एक. अव्वाला जुना खोकला होता. दर चार ओळींनी ती थांबायची, घसा साफ करायची आणि मग पुढं जायची. अप्पांचा घसा ठणठणीत. तरी दर चार ओळींनी ते थांबत होते.

४

तिचा शाळेतला मित्र अमरेश लातूरला फोटो स्टुडिओ चालवायचा. तिनं त्याला फोन लावला.

"अगं, एवढं काय त्यात," अमरेश म्हणाला. "काच घातलीस ना? कॅमेरा पान सोडून काचेतलं प्रतिबिंब धरायलाय. प्रतिबिंबावर फोकस गेला की अक्षरं जाणारच. चेहरा ओळखायचं मेनूत बंद कर. आणि काळा पुठ्ठा घे, लेन्सपुरतं भोक पाड, लेन्स त्यातून बाहेर काढ. मग काचेला वर बघायला काळ्याशिवाय काही राहतच न्हाई."

"प्रतिबिंब कुणाचं पण?"

"तुझंच असंल की. घरात दुसरं हाय कोण?"

तिनं तसंच केलं. मेनूतून चेहरा ओळखणं बंद केलं. पुठ्ठा एवढा मोठा घेतला की काचेवर झाकणच झाल्यासारखं झालं, फक्त खिडकीच्या बाजूनं उजेडापुरती फट. टायमर दहा सेकंदांवर नेला. बटण दाबून ती अंगणात गेली आणि तुळशीपाशी उभं राहून आकडे मोजले. आतून टक असा आवाज आला.

परत येऊन बघते तर पान धुरकट. मधोमध पिवळी चौकट. कोणीतरी डोळे मिटले आहेत.

दुसऱ्या दिवशी शाळेत सातवीला प्रकाशाचं परावर्तन होतं. तिनं फळ्यावर आरसा काढला, आपाती किरण काढला, परावर्तित किरण काढला. किरण जिथून निघतो तिथं काहीतरी असावंच लागतं, असं म्हणता म्हणता ती थांबली. मुलं वाट बघत बसली. तिनं खडू ठेवला आणि उरलेला तास मुलांना धडा वाचायला लावला.

५

येताना तिनं उदगीरच्या काचवाल्याकडून त्याच मापाची नवी काच कापून आणली. बाकी सगळं तेच. तीच खिडकी, तोच कॅमेरा, तीच वेळ. चौकट आली नाही. सहाच्या सहा पानं इतकी स्वच्छ आली की कागदाचे धागे मोजून घ्यावेत. सुकन्याचा जीव भांड्यात पडला. काचेचाच दोष होता, जुनी काच, कुठंतरी लाट असेल, संपलं.

अप्पा टीव्हीसमोर बसले. 

"ह्याच्यात काय हाय?" ते म्हणाले.

"पान आहे अप्पा. लई स्पष्ट आलंय आज."

"नुसतं पांढरं हाय." त्यांनी मान इकडं केली, तिकडं केली. मग मऊ आवाजात विचारलं, "परवाची काच कुठाय?"

सुकन्यानं काचेबद्दल त्यांना एका शब्दानं सांगितलेलं नव्हतं.

"कुठली काच?"

"जिच्यातून वाचता येतंय ती. ती लाव, बाई. अजून पानं राहिलीत."

तिनं भिंतीकडं बघितलं. बिनकाचेच्या फोटोवर दोन-तीन दिवसांची धूळ बसली होती. अव्वाचे डोळे फोटोत होते तसेच होते, उघडे, थोडे हसरे. त्यातल्या त्यात तिला तेवढंच बरं वाटलं. जुनी काच तिनं परत लावली, कारण वाचल्याशिवाय अप्पा जेवणार नाहीत हे तिला माहीत होतं. आपण हे अप्पांसाठी करतो आहोत, असं ती मनाशी घोकत राहिली.

६

पण जेवण काही वाढलं नाही. उलट घटत गेलं. आधी लोडाला रेलून बसणारे अप्पा आता दिवाणावर मांडी घालून ताठ बसायला लागले. वाचताना गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचे. कपाळाला विभूती. पूजेला ते रोजच असे बसत, त्यात नवं काही नव्हतं. पण सुकन्याला गेला श्रावण आठवायचा. त्यांच्यात, लिंगायतांत, गेलेल्या माणसाला निजवून नेत नाहीत, बसवून नेतात. अव्वाला याच बैठकीत, याच भिंतीला टेकवून, अशीच मांडी घालून बसवली होती, डाव्या हातात लिंग देऊन.

डॉक्टर घरी येऊन गेले. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. "वयानं भूक कमी होते," म्हणाले.

तीनशे अकरावं पान काढलं त्या दिवशी सुकन्यानं आजवर टाळलेली गोष्ट केली. फोटो कॅमेऱ्यावरच मोठा करून बघितला. पुसट ओळींच्या वर, ओळींपेक्षा कितीतरी स्पष्ट, विभूतीचे तीन आडवे पट्टे होते. त्यांच्या वर केसांचा भांग. खाली दोन मिटलेल्या पापण्या. त्याच्या खाली बघायचं तिला धाडस झालं नाही. कुणीतरी टेबलावर वाकून पान वाचत असावं, तसं ते कपाळ झुकलेलं होतं. तिनं पहिल्या दिवशीचा फोटो उघडला. त्यातही तेच होतं, पण वाटाण्याएवढं. आज त्यानं निम्मं पान व्यापलं होतं.

"आता किती राहिली?" अप्पांनी विचारलं.

"एक."

"मग उद्या मंगल." आणि ते हसले. वर्षानं हसले. 

रात्रभर तिनं हिशेब केला नाही, तर्क केला नाही. तिला एवढंच कळत होतं की अप्पा तिला हवे होते. पोथी अर्धी राहिली तरी चालेल, अप्पा चिडले तरी चालेल, देवाचा कोप झाला तरी बघून घेऊ. सकाळी आंघोळ करून तिनं पोथी उघडली आणि शेवटचं पान शिवणीपासून फाडलं. घरात पोथीला पाय लागला तरी कानाला हात लावायची रीत. ते पान फाटल्याचा आवाज तिला फार मोठा वाटला. घडी घालून तिनं ते शाळेच्या पिशवीत, डब्याखाली ठेवलं.

"अप्पा, शेवटचं पान पोथीत न्हाईच. कधीतरी फाटलेलं दिसतंय."

अप्पा दिवाणावर बसून चहा पीत होते. त्यांनी तिच्या कानाकडं मान वळवली, म्हणजे तिच्या तोंडाकडं बघितलं.

"दर वर्षी तर वाचायची ती," ते म्हणाले. मग कप खाली ठेवला. "बरं. जा तू. एसटी चुकंल."

कॅमेरा तिनं कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली बरोबर घेतली.

७

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांनी बैठक लावली. तीन वाजले तेव्हा सुकन्या देवणीतच होती. तिनं घरी फोन लावला. वाजत राहिला. डब्याखाली हात घालून तिनं पान चाचपलं. ते होतं. तिचा धीर थोडा बांधला गेला. पान आपल्यापाशी आहे तोवर काही होत नाही, असं ती एसटीत बसूनही म्हणत होती.

घरी पोचायला साडेचार झाले. दार नुसतं लोटलेलं. आतून टीव्हीचा उजेड.

अप्पा दिवाणावर बसले होते. मांडी घातलेली, पाठ भिंतीला, मान ताठ, कपाळावर ओली विभूती. डावा तळहात मांडीवर उघडा, त्यावर लिंग. तोंड टीव्हीकडं. सुकन्यानं हाक मारली. मग जवळ जाऊन हाताला हात लावला. हात गार पडला होता. डोळे मिटलेले होते, आणि ओठ अजून शेवटच्या शब्दावर असल्यासारखे थोडे उघडे होते.

ती रडली नाही. तेवढं अजून तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ती वळली, कारण टेबल खिडकीपाशी ओढलेलं होतं. स्टँड उभा होता, त्यावर कॅमेरा. कपाटाचं कुलूप होतं तसं लागलेलं, तिनं ते तिथूनच बघितलं. काचेखाली पोथी उघडी होती. शिवणीपाशी फाटलेल्या पानाची दातेरी कड, आणि तिच्याखाली नुसता काळा कागद.

टीव्हीवर मात्र पान होतं. छापील ओळींचं, धुरकट. तिला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं, पण खालच्या कोपऱ्यातला पानाचा आकडा तेवढा ठळक होता. तीनशे बारा.

सुकन्यानं पिशवी उलटी केली. डबा पडला, वह्या पडल्या, घडी घातलेलं पान पडलं. तिनं ते उलगडलं. तीनशे बारा.

मग तिनं पुन्हा वर बघितलं. पाच मिनिटांत आपोआप बंद होणारा तो कॅमेरा अजून चालू होता, आणि टीव्हीच्या तळाशी मोठ्या अक्षरांत त्याचा प्रश्न होता. कोणीतरी डोळे मिटले आहेत. पुन्हा फोटो घ्यायचा? ओळींवर या वेळी चौकटी दोन होत्या, शेजारी शेजारी, दोन डोकी एका पोथीवर वाकल्यासारख्या. त्यातली एकच पिवळी होती, मिटल्या डोळ्यांच्या खुणेची. तिच्या आत, पुसट अक्षरांवर, एक भुवई स्पष्ट उमटली होती, आणि भुवईवर जुन्या जखमेचा व्रण होता.

दुसरी चौकट पांढरी होती. तिच्यातले डोळे आज उघडे होते, आणि ते पोथीकडं बघत नव्हते. अप्पांकडंही बघत नव्हते.